वकील गाठण्याआधी: कोल्हापुरात कुठल्या कामाला कोणता वकील, आणि त्याची सनद कशी पाहायची

घरी समन्स आलं, पतसंस्थेची नोटीस आली किंवा पोलीस ठाण्यातून फोन आला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो "आपल्या ओळखीत कोण वकील आहे का?" हा. ओळख उपयोगी पडतेच, पण तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी पाहायचं ते हे, की काम नेमकं कुठं चालणार आणि तिथं तुमच्या वतीनं उभं राहायचा अधिकार कोणाला आहे. फेरफाराचं काम घेऊन माणसं फौजदारी वकिलाकडं जातात, सरकारी वकिलाला आपला वकील समजतात, नोटरीच्या शिक्क्याला खरेदीखत समजतात. त्यात पैसा जातो, आणि मुदत उलटली तर हक्कही जातो. खालचा क्रम पाळला तर यातलं बरंचसं टळतं.

१. कागदावरचं कार्यालय आणि तारीख वाचा

आलेल्या कागदावर चार गोष्टी शोधा: कुठल्या न्यायालयाचा किंवा कार्यालयाचा कागद, प्रकरणाचा क्रमांक, हजर राहायची तारीख, आणि तुम्ही त्यात कोण (प्रतिवादी, आरोपी, जामीनदार, साक्षीदार). कागद तुमच्या हातात पडला ती तारीख त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेवा. मुदत बहुतेक वेळा तिथून मोजली जाते.

दिवाणी दावे आणि फौजदारी खटले कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात किंवा तालुक्याच्या न्यायालयात चालतात. इचलकरंजी आणि गडहिंग्लजला जिल्हा न्यायाधीशांची न्यायालयंही आहेत, त्यामुळे त्या भागातल्या माणसाला अपिलासाठी दरवेळी कोल्हापूर गाठावं लागतंच असं नाही. सातबारावरची नोंद, वहिवाटीचा रस्ता, फेरफाराची हरकत ही कामं न्यायालयात नव्हे, तर मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत अशा पायऱ्यांनी जातात. पतसंस्थेचं कर्ज थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाच्या कार्यालयातून वसुली दाखला निघतो. या नोटिशीकडं जामीनदार हमखास दुर्लक्ष करतात. "कर्ज मी घेतलेलं नाही" हे म्हणणं तिथं हजर राहून मांडायचं असतं. एकदा दाखला निघाला की पुनरीक्षण अर्जाला (वरच्या अधिकाऱ्याकडं दाखला तपासून घ्यायच्या अर्जाला) वसूल व्हायच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात.

उच्च न्यायालयाचं काम असेल तर आता मुंबईची गाडी पकडायला नको. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात. तुमचं जुनं प्रकरण मुंबईत असेल तर ते इकडं वर्ग झालं का, हे वकिलाला आधी विचारा.

काही मुदती तोंडपाठ असाव्यात. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला आपलं उत्तर) द्यायची. न्यायालय कारण पाहून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. तहसीलदार किंवा प्रांतांच्या आदेशावर महसुली अपील ६० दिवसांत. चेक न वटल्याची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर फौजदारी तक्रारीचा रस्ता मोकळा होतो. अपिलासाठी निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात; म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्या.

२. ‘वकील’ म्हणजे नेमका कोण, ते ओळखा

१९६१ च्या अधिवक्ता कायद्यानं देशात वकिलांचा एकच वर्ग ठेवला: अधिवक्ता. बॅरिस्टर, प्लीडर, मुखत्यार हे जुन्या व्यवस्थेतले प्रकार. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे. ती पदवी विलायतेची, आज इथं उभं राहायला ती नव्हे तर सनद, म्हणजे बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेनं दिलेला वकिलीचा परवाना, लागतो. सॉलिसिटर हा शब्द मुंबईत अजून चालतो, पण न्यायालयात उभं राहायचा त्याचा अधिकारही सनदेतूनच येतो.

या एकाच वर्गात पोटभेद मात्र आहेत, आणि गोंधळ तिथंच होतो.

*वरिष्ठ अधिवक्ता.* पुष्कळ वर्षं वकिली केली म्हणून कोणी वरिष्ठ होत नाही. उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय हा दर्जा देतं. वरिष्ठ अधिवक्ता वकीलपत्र (पक्षकारानं वकील नेमल्याचा सहीचा कागद) घेत नाहीत, पक्षकाराकडून थेट काम स्वीकारत नाहीत, दावा-अर्जाचा मसुदाही करत नाहीत. ते दुसऱ्या वकिलासोबतच उभे राहतात. म्हणजे वरिष्ठ नेमायचे ठरले तर दोन फिया धराव्या लागतात. जिल्ह्यातल्या नेहमीच्या कामाला त्यांची गरज क्वचितच पडते.

*अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड.* सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करायचा अधिकार फक्त यांना. त्यासाठी वेगळी परीक्षा असते आणि दिल्लीत कार्यालय लागतं. इथला वकील दिल्लीत युक्तिवाद करू शकतो, पण दाखल करायला सही लागते ती ऑन रेकॉर्डवाल्यांची. "मीच दिल्लीत दाखल करतो" असं कोणी म्हणालं तर ऑन रेकॉर्ड कोण आहेत, त्यांचं नाव विचारा.

*सरकारी वकील.* फिर्याद दिली की सत्र न्यायालयात सरकारी वकील आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सहायक सरकारी अभियोक्ता खटला चालवतात. ते राज्याचे वकील, तुमचे नव्हेत. त्यांना तुम्ही एक रुपयाही देणं लागत नाही, आणि कोणी मागत असेल तर ती लाच आहे. पीडित व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीनं स्वतःचा वकील नेमता येतो. तो सरकार पक्षाला साहाय्य करतो, खटल्याची सूत्रं त्याच्याकडं येत नाहीत. चेक न वटल्याची तक्रार मात्र खासगी असते. तिथं सरकारी वकील नसतो, तक्रारदारानं आपला वकील द्यायचा असतो.

*बँकेचे किंवा बिल्डरचे वकील.* फ्लॅट घेताना "आमच्या पॅनलवरच्या वकिलांनी टायटल पाहिलंय" हे ऐकू येतं. ते पाहिलेलं असतं बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी. तुमच्यासाठी वेगळा शोध घ्यायचा असेल, ३० वर्षांचे उतारे आणि दुय्यम निबंधकाकडच्या नोंदी पाहून, तर त्याला तुमचा स्वतःचा वकील हवा. घेणारा आणि देणारा यांचा वकील एकच असला तर वाद निघाल्यावर तो कोणाच्याच बाजूनं धड उभा राहू शकत नाही. एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलानं त्याच वादात दुसरी बाजू घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे.

*वकील नसलेले.* मुखत्यारपत्र घेतलेला भाऊ तुमच्या वतीनं सही करू शकतो, कागद दाखल करू शकतो. युक्तिवाद करू शकत नाही, आणि जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे त्याची साक्षही तुमच्या जागी देऊ शकत नाही. दस्तलेखक दस्त लिहितो, सल्ला त्याच्या कामात येत नाही. कंपनीत पूर्णवेळ पगारावर असलेल्या विधी अधिकाऱ्याला वकिली करता येत नाही. उलट, आयकर खात्यापुढं चार्टर्ड अकाउंटंट उभे राहू शकतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराला एखाद्या जुगाडाचं पेटंट घ्यायचं असेल तर सनद पुरत नाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि वेगळी परीक्षा असलेला पेटंट एजंट लागतो.

काही ठिकाणी वकील लागतच नाही. ग्राहक आयोगात तुम्ही स्वतः तक्रार चालवू शकता. कौटुंबिक न्यायालयात तर वकील देणं हा हक्क नाही. कायद्याच्या कलम १३ प्रमाणं न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण परवानगीचा अर्ज वकीलपत्रासोबत गेला आहे ना, ते बघा.

३. सनद तपासा

काळा कोट कोणीही शिवून घेतो. नावापुढचं ‘अ‍ॅड.’ छापायला प्रेसवाला पुरावा मागत नाही. खरी खूण म्हणजे सनद क्रमांक. महाराष्ट्राच्या यादीतल्या वकिलाचा क्रमांक ‘एमएएच’ ही अक्षरं, मग आकडा, मग नोंदणीचं वर्ष अशा तीन तुकड्यांत असतो. हा क्रमांक वकीलपत्रावर लिहिलेला हवा. वर्ष वाचलं की माणूस किती वर्षं या व्यवसायात आहे तेही कळतं. शंका असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं, म्हणजे मुंबईच्या कार्यालयाकडं, नाव आणि क्रमांक देऊन लेखी विचारणा करा. सनद नसताना वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

इथं दोन संस्थांची गल्लत करू नका. जिल्हा बार असोसिएशन ही वकिलांची संघटना. सदस्यत्वाचं कार्ड तिचं असतं. सनद देणारी आणि काढून घेणारी संस्था बार कौन्सिल. असोसिएशनचं कार्ड म्हणजे सनद नव्हे.

२०१० पासून नव्या वकिलांना सनद मिळाल्यावर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षाही पास व्हावी लागते. ज्युनियर वकील उभा राहिला म्हणून घाबरू नका. सनद असेल तर त्याला पूर्ण अधिकार आहे. कार्यालयात काम शिकणारा विद्यार्थी असेल तर त्याला नाही. आणि सनद कुठल्याही जिल्ह्यापुरती नसते. २०११ मध्ये अधिवक्ता कायद्याचं कलम ३० लागू झाल्यापासून वकिलाला देशभर वकिलीचा हक्क आहे. सांगलीचा वकील कागलच्या न्यायालयात बिनदिक्कत येऊ शकतो.

४. फी परवडत नसेल तर आधी इथं जा

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायसंकुलातच आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेला कोणीही: यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. "नवऱ्याचा पगार चांगला आहे, मग मला कसा मिळेल?" असं समजून कित्येक जणी परत फिरतात. बाईला उत्पन्नाची अट नाही. हे शेजारणीला, बहिणीला सांगा.

फौजदारी खटल्यातल्या आरोपींसाठी लोकअभिरक्षक कार्यालय आहे. तिथले वकील पूर्णवेळ तेच काम करतात. अटक झाली तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करतात. तिथं "मला वकील नाही" एवढं स्पष्ट बोललं तरी वकील द्यावा लागतो. चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटायचा हक्कही आहे, फक्त तो सगळा वेळ शेजारी बसू शकत नाही.

सोबत न्यायचं: आधार कार्ड, आलेला कागद, उत्पन्नाची अट लागू असेल तर उत्पन्नाचा दाखला, प्रवर्गाचा दाखला असल्यास तो. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००. प्राधिकरणानं नेमलेल्या वकिलानं वर पैसे मागितले तर सचिवांकडं लेखी तक्रार द्या. त्यानं पक्षकाराकडून काहीही घ्यायचं नसतं.

५. पहिल्या भेटीला काय न्याल

मूळ कागद पिशवीत असू द्या, पण हातात द्यायच्या त्या झेरॉक्स. जमिनीच्या कामाला सातबारा, आठ-अ, संबंधित सर्व फेरफार, गावठाणात किंवा शहरात असेल तर प्रॉपर्टी कार्ड, आणि जुनी खरेदीखतं. वारसाच्या वादात वंशावळ कागदावर काढून न्या, मृत्यूच्या तारखांसह. मुलीचा हिस्सा, मृत्युपत्र, वाटणी हे सगळं त्या तारखांवर फिरतं. फौजदारीत प्रथम खबरीची प्रत. चेकच्या कामात चेक, बँकेचा मेमो, नोटीस आणि पोचपावती.

शिवाय एका कागदावर घडलेलं तारखेनं लिहा. एक पान पुरे. त्यात आपली चूकही लिहा: घेतलेले पैसे, दिलेली सही, आधीची नोटीस फेकून दिली असेल तर तेही. वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं, ते उघड करायला त्याला कायद्यानं मनाई आहे. लपवलेली गोष्ट समोरचा वकील उलटतपासात काढतो, तेव्हा तुमच्या वकिलाकडं उत्तर नसतं.

६. फी लिहून घ्या

फी विचारायला लाजू नका. किती टप्प्यांत, कशाची, हे स्पष्ट करा: मसुद्याची फी, तारखेची फी की पूर्ण प्रकरणाची एकरकमी? अंतरिम अर्ज त्यात धरलेत का? निकालानंतर अंमलबजावणीची दरखास्त वेगळी का? खर्च फीपेक्षा निराळा लिहून घ्या: कोर्ट फी, समन्स बजावणी, टायपिंग, नकला. कोर्ट फीची रक्कम दाव्याच्या मूल्यावर ठरते, वकिलाच्या मर्जीवर नव्हे, आणि तिची पावती मिळते. प्रकरण लोकअदालतीत मिटलं तर ती परत मिळते.

"आत्ता काही देऊ नका, निकाल लागला की इतके टक्के द्या" हे ऐकायला गोड वाटतं, अपघाताच्या नुकसानभरपाईत तर सर्रास ऐकू येतं. असा करार बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. निकालात हिस्सा ठेवणं वकिलाला मना आहे. तुमच्या खात्यावर यायची भरपाई दुसऱ्याच्या खात्यावर वळती होण्याचे प्रकार याच वाटेनं होतात, म्हणून बँक खातं स्वतःचं द्या आणि कोऱ्या चेकवर सही करू नका.

स्वतंत्र वकिलानं घरगुती पक्षकाराकडून जीएसटी घ्यायचा नसतो. बिलात तो लावला असेल तर का, ते विचारा.

७. वकीलपत्र वाचून सही करा

एकच पान असतं. वर न्यायालयाचं नाव आणि प्रकरण क्रमांक, खाली वादी-प्रतिवादी, मग "मी खाली सही करणार..." अशी सुरुवात, आणि त्यानंतर बारीक टायपात अधिकारांची रांग: अर्ज देणे, कागद परत घेणे, रक्कम स्वीकारणे, तडजोड करणे, दावा काढून घेणे. शेवटी तुमची सही, वकिलाची सही आणि सनद क्रमांक, वर तिकिटं. छापील नमुना म्हणून कोणी वाचत नाही.

वाचा. "तडजोड करणे" आणि "रक्कम स्वीकारणे" हे शब्द तुम्हाला नको असतील तर तिथं रेघ मारून शेजारी सही करा. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलानं तडजोड करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं आहे. कोऱ्या वकीलपत्रांवर "असू देत चार" म्हणून सह्या देऊ नका. प्रकरण क्रमांक रिकामा असेल तर निदान समोरच्याचं नाव तरी भरून घ्या.

दाखल झाल्यावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मागून घ्या. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, झालेला आदेश, हजेरी सगळं दिसतं. "तारीख पडली" हे खरं का खोटं, ते विचारत बसावं लागत नाही.

८. नोटरीकडं कशासाठी जायचं आणि कशासाठी नाही

नोटरी हाही वकीलच, पण सरकारनं वेगळा परवाना दिलेला. त्याचं काम मर्यादित: समोर आलेल्या माणसाची ओळख पटवून त्यानं सही केली हे नोंदवणं, प्रत मुळाबरहुकूम असल्याचं सांगणं, शपथ देणं. तुम्ही स्वतः हजर हवं, ओळखपत्र हवं, आणि त्याच्या नोंदवहीत तुमची सही हवी. नोंदवहीत सही न घेता शिक्का मारून दिला तर तो कागद पुढं कुचकामी ठरू शकतो. शिक्क्यावर नोटरीचं नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे.

आपल्याकडं जागेचं संचकारपत्र (खरेदीखताआधीचा विसाराचा करार) नोटरी करून लाखो रुपये मोकळे करायची पद्धत आहे. त्या कागदानं मालकी येत नाही. १०० रुपयांवरच्या स्थावराची खरेदी दुय्यम निबंधकाकडं नोंदवावीच लागते. संचकारही नोंदवून घेतला तर तोच माणूस ती जागा दुसऱ्याला विकायला निघाल्यावर तुमच्या हातात काहीतरी असतं. तसंच नोटरीसमोर लिहिलेली फारकत. रूढीनं चालत आलेली आणि सिद्ध करता येणारी फारकत हा विरळा अपवाद सोडला, तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय हिंदू विवाह मोडत नाही. त्या कागदावर दुसरं लग्न लावलं तर गुन्हा होतो.

आणि सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तिथं कोणी पाचशेचा स्टॅम्प आणायला लावत असेल तर नियम दाखवायला सांगा.

९. वकील बदलायचा असेल, तक्रार करायची असेल

वकील बदलणं हा तुमचा हक्क आहे. नव्या वकिलाला जुन्याची ना-हरकत लागते. तो देत नसेल तर न्यायालयाकडं परवानगीचा अर्ज करता येतो. फी बाकी आहे म्हणून जुन्या वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. फीसाठी त्यानं वेगळी वसुली करावी. कागद मागताना तोंडी न मागता यादी करून रजिस्टर पोस्टानं मागा, आणि मिळाल्यावर त्याच यादीवर सही द्या.

खटला हरला म्हणून तक्रार टिकत नाही. पैसे घेऊन दावा दाखलच केला नाही, समोरच्याशी संगनमत केलं, तुमच्या वतीनं आलेली रक्कम दाबली, खोटा आदेश दाखवला, अशी गैरवर्तणूक असेल तर अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडं लेखी, सही आणि पडताळणी केलेली तक्रार द्यायची. जोडायचं: वकीलपत्राची प्रत, पैसे दिल्याच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी, संदेशांचे छापील उतारे, आणि सीएनआर क्रमांकावरून काढलेली प्रकरणाची स्थिती. तीन सदस्यांची शिस्तपालन समिती दोन्ही बाजू ऐकते. ताकीद, ठराविक काळ सनद निलंबित किंवा यादीतून नाव कायमचं कमी, अशा शिक्षा ती देऊ शकते. वर्षभरात निकाल झाला नाही तर प्रकरण दिल्लीच्या भारतीय बार कौन्सिलकडं जातं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत तिथंच अपील, आणि त्यापुढं सर्वोच्च न्यायालय.

ग्राहक आयोगात वकिलाविरुद्ध जाता येत नाही. १४ मे २०२४ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं तो रस्ता बंद केला. पैसा परत हवा असेल तर दिवाणी दावा, आणि फसवणूक किंवा अपहार असेल तर पोलीस ठाणं. बार कौन्सिलची तक्रार पैसे वसूल करून देत नाही, आणि ती दिली म्हणून तुमच्या मूळ दाव्याची तारीख थांबत नाही. त्या तारखेला नव्या वकिलाचं वकीलपत्र आधीच दाखल झालेलं असलं पाहिजे.